विल्हेल्म राँटगेन: थंड नळीतून निघालेले क्ष-किरण

आपल्याकडे जुनी माणसं अजूनही एक्स-रे काढला असं म्हणत नाहीत. छातीचा फोटो काढला, गुडघ्याचा फोटो काढला, असं म्हणतात. शब्द तसा चुकीचा नाही. पण फोटो म्हटलं की भीती वाटत नाही आणि रेडिएशन म्हटलं की लगेच वाटते, ही मात्र मजेची गोष्ट आहे. एकाच घरातल्या आजी फोटो काढायला निमूटपणे जातात आणि त्यांची इंजिनिअर नात मला विचारते, की डॉक्टर, हे रेडिएशन अंगात किती दिवस राहतं?

हा प्रश्न चांगला आहे. त्याचं उत्तर एका ओळीत देता येतं: अजिबात राहत नाही. पण का राहत नाही, हे समजायचं असेल तर ते किरण कुठून येतात हे बघावं लागतं. ते बघायला सगळ्यात सोपी वाट म्हणजे ज्यांनी ते पहिल्यांदा ओळखले त्या माणसाची गोष्ट. त्यांचं नाव विल्हेल्म कोनराड राँटगेन. ते डॉक्टर नव्हते, पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक होते. तरीही माझ्या दवाखान्यातून रोज निघणाऱ्या निम्म्या चिठ्ठ्या त्यांच्या शोधावर अवलंबून असतात.

शाळेतून काढलेला मुलगा

राँटगेन यांचा जन्म २७ मार्च १८४५ चा, जर्मनीतल्या लेनेप या गावातला. वडील कापडाचे व्यापारी, आणि विल्हेल्म हे एकुलते एक अपत्य. ते तीन वर्षांचे असताना कुटुंब हॉलंडमध्ये आपेलडोर्न इथे राहायला गेलं. लहानपणी हुशारीची विशेष चमक वगैरे काही नव्हती. रानावनात भटकायची आवड आणि हाताने यंत्रं, खेळणी बनवायचं वेड मात्र होतं. हे वेड पुढे फार उपयोगी पडलं, कारण आयुष्यभर त्यांनी आपली बरीचशी उपकरणं स्वतःच जुळवली.

उट्रेख्ट इथल्या तांत्रिक शाळेत असताना एका शिक्षकांचं व्यंगचित्र वर्गात काढलं गेलं. ते काढलं दुसऱ्याच मुलाने, नाव आलं विल्हेल्मवर, आणि त्याला शाळेतून काढून टाकण्यात आलं. त्यामुळे त्याच्याकडे शाळा पूर्ण केल्याचा दाखला राहिला नाही. दहावी-बारावीचं मार्कशीट नसलेल्या मुलाची आपल्याकडे जी गत होते तीच झाली: विद्यापीठाचे दरवाजे बंद. झुरिकच्या पॉलिटेक्निकमध्ये मात्र प्रवेश परीक्षेच्या जोरावर घेत असत, असं कळल्यावर १८६५ मध्ये तो तिथे दाखल झाला. १८६८ मध्ये यंत्र अभियांत्रिकीची पदविका आणि १८६९ मध्ये झुरिक विद्यापीठाची डॉक्टरेट, असा प्रवास झाला.

झुरिकमध्ये औगुस्ट कुंड्ट हे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक त्यांना भेटले आणि इंजिनिअर होऊ घातलेला तरुण प्रयोगशाळेत रमला. कुंड्ट वुर्झबुर्गला गेले तेव्हा राँटगेनही त्यांच्यासोबत गेले. तिथल्या विद्यापीठाने त्यांना शिकवण्याचा अधिकार नाकारला. कारण तेच, शाळेचा दाखला नाही. मग स्ट्रासबुर्ग, होहेनहाइम, गीसेन अशा ठिकाणी नोकऱ्या करत १८८८ मध्ये ते पुन्हा वुर्झबुर्गला आले, ते प्राध्यापक म्हणूनच. १८९४ मध्ये त्याच विद्यापीठाचे ते कुलगुरू झाले. पालकांनो, दहावीच्या निकालानंतर मुलांना घेऊन डोकेदुखी आणि झोप न येण्याच्या तक्रारींसाठी तुम्ही येता, तेव्हा मला हा माणूस हमखास आठवतो.

१८७२ मध्ये त्यांचं लग्न झालं. पत्नी आना बेर्टा, झुरिकमधल्या एका कॅफेमालकाची मुलगी, वयाने त्यांच्याहून सहा वर्षांनी मोठी. त्यांना मूल झालं नाही. बेर्टाच्या भावाची सहा वर्षांची मुलगी त्यांनी १८८७ मध्ये घरी आणली आणि पुढे रीतसर दत्तक घेतली. बेर्टाची तब्येत नाजूक असे. हे नाव लक्षात ठेवा, कारण जगातला सगळ्यात प्रसिद्ध एक्स-रे तिच्या हाताचा आहे.

नळीत काय चाललं होतं

आता थोडं थांबून त्या काळातल्या नळीकडे बघू. ही गोष्ट नीट कळली की पुढचं सगळं सोपं जातं.

काचेची बंद नळी घ्या. तिच्यात धातूचे दोन तुकडे बसवा. विजेच्या ऋण टोकाला जोडलेला तुकडा म्हणजे कॅथोड, धन टोकाला जोडलेला म्हणजे अ‍ॅनोड. नळीतली जवळजवळ सगळी हवा पंपाने काढून टाका, पण अगदी सगळी नाही. बाहेरच्या हवेच्या दाबाच्या साधारण दहा लाखाव्या भागाएवढी राहू द्या. मग दोन टोकांमध्ये हजारो व्होल्टचा दाब द्या. असं केलं की कॅथोडकडून काहीतरी निघतं आणि समोरच्या काचेवर आदळून काच हिरवट चमकते. या काहीतरीला तेव्हा कॅथोड किरण म्हणत. ते म्हणजे इलेक्ट्रॉनांचा झोत, हे जे. जे. थॉमसन यांनी १८९७ मध्ये दाखवून दिलं. म्हणजे राँटगेन यांनी आपला शोध लावला तेव्हा इलेक्ट्रॉन ही वस्तू कुणाला ठाऊकही नव्हती.

या नळीतला कॅथोड थंड असतो, म्हणजे त्याला मुद्दाम तापवलेलं नसतं. मग त्याच्यातून इलेक्ट्रॉन बाहेर पडतात कसे? तर नळीत उरलेल्या त्या थोड्याशा हवेमुळे. हवेचे काही कण विजेच्या जोराने फुटतात, त्यांचा धन भार असलेला भाग कॅथोडकडे ओढला जातो आणि वेगाने त्याच्यावर आदळतो. त्या माऱ्याने धातूतले इलेक्ट्रॉन बाहेर उडतात. बाहेर आलेले इलेक्ट्रॉन मग समोर धावतात आणि काचेवर किंवा धातूवर एकदम अडतात. वेगात असलेला इलेक्ट्रॉन असा अचानक अडला की त्याच्या ऊर्जेचा छोटासा भाग क्ष-किरणांच्या रूपात बाहेर पडतो. बाकीची बहुतेक ऊर्जा उष्णता होऊन जाते. आजच्या यंत्रातही शंभरातली नव्व्याण्णव टक्के ऊर्जा उष्णतेतच जाते.

म्हणजे थंड कॅथोड आणि क्ष-किरण यांचं नातं इतकंच: कॅथोड इलेक्ट्रॉन पुरवतो, इलेक्ट्रॉन आपटतात, आपटण्यातून किरण निघतात. वीज बंद केली की इलेक्ट्रॉन थांबले. इलेक्ट्रॉन थांबले की किरणही त्याच क्षणी संपले. बल्ब बंद केल्यावर खोलीत उजेड साठून राहत नाही, तसंच हे. नातीच्या प्रश्नाचं उत्तर इथेच आहे.

अशा नळ्या राँटगेन यांच्या आधी कितीतरी वर्षं युरोपातल्या प्रयोगशाळांमध्ये चालू होत्या. विल्यम क्रुक्स, योहान हिटॉर्फ, फिलिप लेनार्ड अशा अनेकांनी त्या वापरल्या. त्या सगळ्यांच्या नळ्यांतून क्ष-किरण निघतच असणार, फक्त कुणी ते ओळखले नव्हते. लेनार्ड तर अगदी उंबरठ्यावर होते, आणि श्रेय दुसऱ्याला गेल्याची सल त्यांना आयुष्यभर राहिली.

नोव्हेंबरची संध्याकाळ

८ नोव्हेंबर १८९५, शुक्रवार. वुर्झबुर्गच्या प्रयोगशाळेत राँटगेन एकटेच होते. त्यांनी नळी काळ्या पुठ्ठ्याने अशी झाकली होती की आतला उजेड बाहेर येऊ नये. खोली अंधारी होती. वीज सोडली आणि थोड्या अंतरावर ठेवलेला एक कागदी पडदा चमकायला लागला. त्या पडद्याला बेरियम प्लॅटिनोसायनाइड हे रसायन लावलेलं होतं. कॅथोड किरण हवेत काही सेंटिमीटरपलीकडे जात नाहीत हे तेव्हा माहीत होतं. पडदा तर बराच दूर होता, आणि मध्ये पुठ्ठाही होता. मग पडद्यापर्यंत पोहोचलं काय?

इथे अनेकजण नशिबाची गोष्ट सांगतात. मला ती पटत नाही. चमकणारा पडदा दिसणं हे नशीब मानू, पण पुढचे सात आठवडे त्यांनी जे केलं ते नशीब नव्हतं. ते प्रयोगशाळेतच जेवले, कधी तिथेच झोपले. घर त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर होतं, तरी बेर्टालाही त्यांनी आधी काही सांगितलं नाही. आपल्यालाच भास होत नसेल ना, याची खात्री करून घ्यायची होती. पुस्तक, लाकूड, रबर, वेगवेगळे धातू, एकेक वस्तू नळी आणि पडद्याच्या मध्ये धरून पाहिली. जाड पुस्तकातून किरण सहज गेले, पातळ शिशाने अडवले. चुंबकाने ते वळत नव्हते, म्हणजे हे कॅथोड किरण नव्हेत. आणि काचेवर जिथे कॅथोड किरण सर्वात जास्त आदळत होते, तिथूनच हे नवे किरण निघत होते, हेही त्यांनी शोधलं. वस्तू हातात धरताना त्यांना पडद्यावर स्वतःच्या बोटांची हाडं दिसली.

२२ डिसेंबरला त्यांनी बेर्टाला खाली बोलावलं आणि तिचा हात फोटोच्या काचेवर ठेवायला सांगितला. साधारण १५ मिनिटं तिने हात हलवला नाही. काच धुतल्यावर त्यावर हाडं उमटली होती आणि बोटात अंगठी. स्वतःचा सांगाडा पाहून ती घाबरली, असं तिच्याबद्दल सांगतात. मला यात नवल वाटत नाही. आजही पहिल्यांदा स्वतःच्या कवटीचा किंवा मणक्याचा एक्स-रे उजेडाच्या डब्यावर लावला की काही पेशंट नजर फिरवतात. तुमचंही तसं होत असेल तर त्यात लाजण्यासारखं काही नाही.

२८ डिसेंबर १८९५ ला त्यांनी आपला निबंध स्थानिक वैद्यकीय-भौतिक संस्थेकडे दिला. या किरणांचं स्वरूप अजून कळलेलं नाही, म्हणून त्यांनी त्यांना बीजगणितातल्या अज्ञात राशीचं अक्षर दिलं. मराठीत ते अक्षर आपण क्ष धरतो, म्हणून क्ष-किरण. जर्मनीत मात्र लोक अजूनही त्यांना राँटगेन किरणच म्हणतात. २३ जानेवारी १८९६ च्या जाहीर व्याख्यानात वयोवृद्ध शरीरशास्त्रज्ञ कोलिकर यांच्या हाताचा एक्स-रे सगळ्यांसमोर काढला गेला आणि किरणांना राँटगेन यांचं नाव द्यावं असं कोलिकर यांनीच सुचवलं.

पुढे जे घडलं त्याचा वेग आजच्या काळातही थक्क करणारा आहे. फेब्रुवारी १८९६ च्या पहिल्या आठवड्यात अमेरिकेत डार्टमथ इथे एका १४ वर्षांच्या मुलाच्या मोडलेल्या मनगटाचा एक्स-रे निघाला. त्याच वर्षी ग्लासगोच्या रुग्णालयात एक्स-रेचा वेगळा विभाग सुरू झाला. १८९७-९८ मध्ये वायव्य सरहद्दीवरच्या तिराह मोहिमेत ब्रिटिश सैन्याचे सर्जन वॉल्टर बीव्हर यांनी जखमी सैनिकांच्या अंगातल्या गोळ्या शोधायला हे यंत्र डोंगरात नेलं. कलकत्त्यात जगदीशचंद्र बोस यांनी स्वतः उपकरण जुळवून डॉक्टरांना मदत केली. आपल्या पुण्यात ते दिवस प्लेगचे होते. प्लेगमध्ये क्ष-किरणांचा काही उपयोग नव्हता, आणि घरोघरच्या तपासण्यांमुळे सरकारी डॉक्टरांवरचा लोकांचा विश्वासच उडाला होता. वैद्यकशास्त्राच्या इतिहासातले हे दोन चेहरे एकाच वेळचे आहेत, एवढं फक्त लक्षात आणून देतो.

लहरी नळी आणि डॉक्टरांचे हात

आता त्या गोष्टीकडे येतो, जी एक्स-रेच्या माहितीत सहसा सांगितली जात नाही आणि जिच्यामुळे तुमच्या मनातल्या भीतीचं मूळ कळतं.

थंड कॅथोडची नळी फार लहरी होती. आत उरलेल्या हवेवर सगळं अवलंबून, आणि ती हवा वापरता वापरता कमी होत जाई, कारण तिचे कण काचेत आणि धातूत शोषले जात. हवा कमी झाली की नळी चालवायला जास्त व्होल्ट लागत आणि निघणारे किरण जास्त भेदक होत. अशा नळीला कडक झालेली नळी म्हणत. मग तिच्यातला एखादा पदार्थ तापवून थोडा वायू पुन्हा सोडायचा, की ती मऊ व्हायची. सकाळी एक स्वभाव, दुपारी दुसरा. किरण किती निघावेत आणि ते किती भेदक असावेत, या दोन गोष्टी वेगवेगळ्या ठरवताच येत नव्हत्या. एक बदलली की दुसरी बदलायची.

तेव्हा मोजायचं साधनही धड नव्हतं. मग नळी आज मऊ आहे की कडक हे ओळखायचं कसं? तर चालवणारा माणूस स्वतःचाच हात नळी आणि पडद्याच्या मध्ये धरायचा. हाडं काळी आणि मांस फिकं दिसलं तर नळी ठीक. सगळंच फिकं दिसलं तर कडक. दिवसातून अनेकदा, वर्षानुवर्षं, तोच हात. आधी कातडी लाल झाली, मग नखं गेली, न भरणाऱ्या जखमा झाल्या, आणि काहींना त्या जखमांतून कॅन्सर झाला. एडिसन यांचे सहकारी क्लॅरेन्स डॅली यांचे दोन्ही हात कापावे लागले आणि १९०४ मध्ये ते गेले. जर्मनीत हाम्बुर्गच्या एका रुग्णालयाच्या आवारात १९३६ मध्ये अशा डॉक्टर, तंत्रज्ञ आणि संशोधकांचं स्मारक उभारलं गेलं. सुरुवातीला त्यावर १६९ नावं होती. नंतर वाढत गेली.

ही माणसं पेशंट नव्हती, ती यंत्र चालवणारी होती, आणि त्यांना मिळालेला मारा आज तुम्हाला मिळणाऱ्या माऱ्याच्या कितीतरी पट होता. तरी या जखमांच्या गोष्टी पिढ्यानपिढ्या उतरत आल्या आणि त्यातून एक्स-रे म्हणजे कॅन्सर हे समीकरण डोक्यात बसलं, असं मला वाटतं.

राँटगेन स्वतः या माऱ्यातून बरेचसे वाचले. काही अंशी त्यांच्या कामाच्या पद्धतीमुळे: नळीचे किरण फोटोच्या काचांवर भलतीकडून पडू नयेत म्हणून त्यांनी जस्ताची मोठी पेटी बनवली होती आणि तिच्यात बसून ते काम करत. आणि दुसरं असं, की क्ष-किरणांवर तीनच निबंध लिहून, १८९७ नंतर ते या विषयातून जवळजवळ बाहेरच पडले.

१९१३ साली अमेरिकेत विल्यम कूलिज यांनी या लहरीपणावर उपाय काढला. त्यांनी नळीतली हवा जवळजवळ पूर्णपणे काढून टाकली आणि कॅथोडच्या जागी टंगस्टनची तार बसवली. तार वीज देऊन लालबुंद तापवली की तिच्यातून इलेक्ट्रॉन आपोआप सुटतात, हवेची गरजच उरत नाही. तार किती तापवायची यावर किरणांचं प्रमाण ठरतं, व्होल्ट किती द्यायचे यावर त्यांची भेदकता. दोन्हींची बटणं वेगळी झाली. हात मध्ये धरून बघायचं कारण संपलं.

तुमच्या गल्लीतल्या सेंटरमध्ये आज जी नळी असते ती याच घराण्यातली. टेक्निशियन श्वास रोखायला सांगतो आणि बटण दाबल्यावर आधी घूं असा आवाज येतो, आठवतंय? बटण दोन टप्प्यांचं असतं. पहिल्या टप्प्यात तार पूर्ण तापते आणि अ‍ॅनोडची चकती गरगर फिरायला लागते, म्हणजे उष्णतेने एकाच जागी ती वितळू नये. त्या आवाजात किरण नसतात. किरण येतात ते त्यानंतर, सेकंदाच्या छोट्याशा भागापुरते. बेर्टाने १५ मिनिटं हात धरला होता, हे इथे आठवा.

पेटंट नको, पदवी नको

राँटगेन यांना १९०१ मध्ये भौतिकशास्त्राचं पहिलं नोबेल पारितोषिक मिळालं. ते स्टॉकहोमला जाऊन पारितोषिक घेऊन आले, पण नोबेलचं व्याख्यान त्यांनी दिलंच नाही. भाषणांची त्यांना आवड नव्हती. पारितोषिकाची रक्कम वुर्झबुर्ग विद्यापीठाला देऊन टाकली. नावामागे सरदारकीची उपाधी लावण्याची संधी आली, ती नाकारली. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, कंपन्या मागे लागल्या असूनही त्यांनी या शोधाचं पेटंट घेतलं नाही. शोध सगळ्यांचा, असं त्यांचं मत होतं. म्हणूनच तो इतक्या झपाट्याने ग्लासगोपासून कलकत्त्यापर्यंत पोहोचू शकला. पेटंट आणि औषधांच्या किमती यांचं नातं तुम्ही मेडिकलच्या बिलावर दर महिन्याला बघता, त्यामुळे याचं मोल तुम्हाला वेगळं सांगायला नको.

१९०० मध्ये ते म्युनिकला गेले आणि निवृत्त होईपर्यंत तिथेच राहिले. उत्तरायुष्य सुखाचं नव्हतं. बेर्टाला मूत्रपिंडाच्या दुखण्याने वर्षानुवर्षं छळलं. वेदना असह्य झाल्या की मॉर्फिनची इंजेक्शनं द्यावी लागत, आणि ती देण्याचं काम राँटगेन स्वतः करत. घरात दीर्घ आजाराचा माणूस असलेल्या वाचकांना हे चित्र ओळखीचं वाटेल. जगाने डोक्यावर घेतलेला हा प्राध्यापक घरी नर्सचं काम करत होता. १९१९ मध्ये बेर्टा गेली. पहिल्या महायुद्धानंतरच्या भयंकर महागाईत त्यांच्या बचतीची किंमतही नाहीशी झाली.

१० फेब्रुवारी १९२३ रोजी म्युनिकमध्ये त्यांचं निधन झालं, वयाच्या ७७ व्या वर्षी. आजार होता आतड्याचा कॅन्सर. हे वाचल्यावर तुमच्या मनात काय आलं असेल ते मला कळतं, कारण प्रत्येकजण तेच विचारतो. पण आतड्याचा कॅन्सर त्या वयात क्ष-किरणांशी काही संबंध नसलेल्या माणसांनाही होतो. राँटगेन यांचं क्ष-किरणांसोबतचं काम मोजक्या काळाचं आणि बरंचसं आडोशातलं होतं, म्हणून त्यांच्या आजाराचा दोष बहुतेक अभ्यासक किरणांवर ठेवत नाहीत. किरणांनी ज्यांना खरोखर मारलं त्यांचे आधी हात आणि कातडी गेली होती. राँटगेन यांचे हात शाबूत होते. त्यांनी आपली खासगी कागदपत्रं आणि पत्रं जाळून टाकायला सांगितली होती आणि ती जाळली गेली. गीसेनच्या दफनभूमीत, आईवडील आणि बेर्टाच्या शेजारी, ते आहेत.

थंड कॅथोड परत येतोय

गंमत अशी, की ज्या थंड कॅथोडला कूलिज यांनी १९१३ मध्ये घरी पाठवलं, तो आता नव्या रूपात परत येतोय. यावेळी नळीत हवा ठेवायची गरज नाही. कॅथोडवर अतिसूक्ष्म टोकं असतात, बहुतेक वेळा कार्बनच्या नॅनोनळ्यांची, केसाच्या जाडीच्या हजारो पटींनी बारीक. टोक जितकं अणकुचीदार तितकं त्याच्यापाशी विजेचं क्षेत्र तीव्र, आणि त्या ओढीनेच इलेक्ट्रॉन थंड धातूतून किंवा कार्बनमधून बाहेर खेचले जातात. याला क्षेत्र उत्सर्जन म्हणतात. तार तापायची वाट बघावी लागत नाही, किरण अतिशय झटपट चालू-बंद करता येतात, नळी छोटी करता येते. हृदयाच्या ठोक्याशी किंवा श्वासाशी जुळवून नेमक्या क्षणी चित्र घेणं यामुळे सोपं होईल. टिकाऊपणा आणि पुरेसा झोत मिळवणं या अडचणी अजून आहेत, म्हणून बहुतेक दवाखान्यांत आजही तापणारी तारच असते.

या क्षेत्र उत्सर्जनावर आपल्या पुणे विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागातही बरीच वर्षं संशोधन होत आलं आहे, हे बाहेर फारसं कुणाला माहीत नसतं. गणेशखिंडीच्या त्या झाडीतून तुम्ही सकाळी फिरायला जात असाल, तर आतल्या एखाद्या इमारतीत कुणीतरी सुईच्या टोकातून इलेक्ट्रॉन काढत बसलेलं असू शकतं.

तुमच्या कामाचं

नळी थंड असो वा गरम, पेशंटच्या दृष्टीने प्रश्न एकच: डोस किती? तो मिलिसिव्हर्टमध्ये मोजतात. जमीन, हवा, आकाश आणि अन्नातून प्रत्येकाला वर्षाला नैसर्गिक रेडिएशन मिळतंच, जगाची सरासरी सुमारे २.४ मिलिसिव्हर्ट. छातीच्या साध्या एक्स-रेचा डोस साधारण ०.०२ ते ०.१, म्हणजे काही दिवसांच्या नैसर्गिक रेडिएशनएवढा. हातापायाच्या एक्स-रेचा त्याहूनही कमी. पोटाच्या सीटी स्कॅनचा मात्र ५ ते १० च्या घरात जातो, कारण सीटी म्हणजे चारी बाजूंनी घेतलेले खूप एक्स-रे. सोनोग्राफी आणि एमआरआय यांत क्ष-किरण नसतातच. पोटाची सोनोग्राफी करू नका, रेडिएशन असतं, असं कुणी सांगितलं तर ते खरं नाही.

म्हणून मुलाला आठवडाभर ताप आणि खोकला आहे, श्वास जोरात चालतोय, आणि डॉक्टरांनी छातीचा एक्स-रे सांगितला, तर तो टाळू नका. न सापडलेला न्यूमोनिया किंवा टीबी त्या डोसपेक्षा कितीतरी पट धोक्याचा आहे. उलट, साधी डोकेदुखी आहे म्हणून मनाची खात्री करायला सीटी काढून द्या, असा आग्रह डॉक्टरांकडे धरू नका. आम्हाला नाही म्हणायला वेळ लागतो, आणि गर्दीच्या वेळी काही जण हो म्हणून मोकळे होतात, हेही तितकंच खरं आहे.

गरोदर असाल किंवा पाळी चुकली असेल तर आत जाण्याआधी टेक्निशियनला सांगा, विचारण्याची वाट बघू नका. याचा अर्थ गरोदरपणात एक्स-रे कधीच काढायचा नाही असा नव्हे. छातीचा किंवा हाताचा एक्स-रे गरजेचा असेल तर बाळापर्यंत पोहोचणारा डोस अगदी नगण्य असतो, पण तो निर्णय डॉक्टरांनी माहिती असताना घ्यावा. पेशंटला धरायला घरातलं कुणी आत थांबणार असेल तर शिशाचा एप्रन मागून घ्या, आणि गरोदर बाईने थांबू नये. आपल्या देशात एक्स-रे यंत्राला अणुऊर्जा नियामक मंडळाचा परवाना लागतो. सेंटरमध्ये तो आहे का, असं विचारण्यात काही गैर नाही.

आणि जुने फोटो टाकून देऊ नका. पिवळ्या मोठ्या पाकिटातली ती फिल्म किंवा सीडी कपाटाच्या वर ठेवा, पावसाळ्यात ओल लागणार नाही अशी. पाच वर्षांपूर्वीच्या फिल्ममध्ये फुफ्फुसावरचा तो डाग आधीपासूनच तसाच होता असं दिसलं, तर पुढचा सीटी आणि तुमची रात्रीची झोप दोन्ही वाचतात. पुढच्या वेळी तपासायला येताना ते पाकीट सोबत आणा.